फोटो ५० केबीत बसवताना या चुका टाळा

बँक भरतीसाठी आयबीपीएसचा अर्ज भरणाऱ्यांना हे आकडे तोंडपाठ असतात: फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २०, अंगठ्याचा ठसा २० ते ५०, हाताने लिहिलेलं डिक्लरेशन ५० ते १००. तरी गाडी अडते ती फोटो आणि सहीपाशीच, आणि तीही बहुधा शेवटच्या तारखेच्या रात्री.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मूळ फोटो आहे तेवढाच ठेवून नुसती क्वालिटी खाली ओढत नेणं. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० असतो, म्हणजे १ कोटी २० लाख पिक्सेल. अर्जाला हवा २०० बाय २३०, म्हणजे जेमतेम ४६ हजार. अडीचशेपटीहून जास्त पिक्सेल ५० केबीत कोंबायला गेलं की चेहऱ्यावर चौकोनी ठिगळं उमटतात. जेपीजी चित्राचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे करून ते दाबतं. क्वालिटी फार उतरली की तेच तुकडे उघडे पडतात. म्हणून आधी क्रॉप, मग पिक्सेल कमी, आणि क्वालिटीला हात अगदी शेवटी. क्रॉप करताना २०० ला २३० हे प्रमाण धरा, नाहीतर चेहरा ताणला जातो.

सहीचं दुखणं उलटं. अख्ख्या कोऱ्या कागदाचा फोटो काढून तो १४० बाय ६० केला, तर सहीची एक बारीक रेघ उरते. सहीच्या कडेकडेनं कापा. एवढं करून फाइल ७-८ केबीचीच झाली आणि ‘साइज कमी आहे’ म्हणून परत आली, तर क्वालिटी पूर्ण वर नेऊन पुन्हा सेव्ह करा. खालचीही मर्यादा असते, हे बरेच जण वाचतच नाहीत.

आयफोनचा एचईआयसी (जेपीजीहून वेगळा फॉरमॅट) फोटो नाव बदलून ‘.जेपीजी’ केला तरी आतून एचईआयसीच राहतो. तो एक्स्पोर्ट करावा लागतो, किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये फॉरमॅट्समधून मोस्ट कम्पॅटिबल निवडून फोटो नव्याने काढावा लागतो. डीपीआयचा (छापताना एका इंचात किती ठिपके, त्याचा) आकडा बदलूनही काही होत नाही. पिक्सेल तेवढेच असतील तर केबीही तेवढेच. झिप करणं तर सोडाच, जेपीजी आधीच दाबलेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो मागवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. प्रत्येक वेळी जेपीजी सेव्ह करताना थोडा तपशील जातो, तेव्हा प्रयोग फसला की बिघडलेल्या प्रतीवर नव्हे, मूळ फोटोवर पुन्हा सुरुवात करा.

आधार, मार्कशीट असली कागदपत्रं ‘फ्री कॉम्प्रेस’ म्हणणाऱ्या कुठल्याही साइटवर चढवू नका, असं माझं स्पष्ट मत. क्रॉप करायला आणि पिक्सेल कमी करायला विंडोजचं पेंट पुरतं. क्वालिटी बदलायला स्क्वूश ही साइट चालेल, ती फाइल तुमच्या ब्राउझरमध्येच दाबते.

आणि ५० ची मर्यादा असेल तर ४५ वर थांबा. कुणी १ केबी १००० बाइटचा धरतं, कुणी १०२४ चा. तुमच्या मोबाइलवरचे ४९.८ त्यांच्याकडे ५१ भरू शकतात.