जुन्या सुट्या भागांतून मॉडेल इंजिन बनवताय? या चुका टाळा

सुट्या भागांतून इंजिन बांधायला बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी कळस चढवतो. मीही तेच केलं. डब्ल्यूडीएम-२ या भारतीय रेल्वेच्या डिझेल इंजिनाच्या मॉडेलची बॉडी थ्रीडी प्रिंट करून आणली, रंगवली, नंबरसुद्धा टाकला, आणि मग खोक्यात चेसिस धुंडाळायला लागलो. इंजिन रुळावर ठेवलं तर जागच्या जागी थरथरायला लागलं. दोन मिनिटांत मोटर इतकी तापली की हात लाववेना.

दोष बोग्यांत, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यांत होता. दोन्ही तीन-तीन आसांच्या (अ‍ॅक्सलच्या), दिसायला जुळ्या बहिणी, पण वेगवेगळ्या इंजिनांतून काढलेल्या. एकीत वर्म (मोटरकडून फिरणारा स्क्रूसारखा गियर) आणि चाकांच्या मध्ये एक दातेरी चाक जास्त होतं. मधलं एक चाक वाढलं की फिरण्याची दिशा उलटते. म्हणजे पुढची बोगी कल्याणला निघालेली आणि मागची पुण्याला! दिशा जुळली तरी गियरचं प्रमाण जुळेलच असं नाही. एकीचं चाक मोटरच्या १२ फेऱ्यांत एकदा फिरतं, दुसरीचं १४ फेऱ्यांत. मग एक दुसरीला कायम फरफटवते. म्हणून बोगी सुटी हातात धरा, चाकावर मार्करने ठिपका द्या, वर्म बोटाने फिरवा आणि फेऱ्या मोजा. दिशा आणि आकडा दोन्ही जुळले तरच जोडा. नाही जुळले तर एकीचा वर्म काढून तिला नुसती घरंगळू द्या आणि वजन चालत्या बोगीवर ठेवा. चार हलके डबे ती आरामात ओढते.

मापाचा घोळ तर ठरलेलाच. मॉडेल रेल्वेच्या मापांत एचओ म्हणजे १:८७ आणि ओओ म्हणजे साधारण १:७६, पण दोघांचाही रूळ १६.५ मिमीचाच. त्यामुळे ‘रुळावर बसतंय ना, मग झालं’ असं वाटतं. खरी डब्ल्यूडीएम-२ बफरसकट १७.१२ मीटर लांब. एचओत ती सुमारे १९७ मिमी भरते, ओओत २२५. एकाची चेसिस दुसऱ्याच्या बॉडीत घालायला गेलात की हा फरक अंगावर येतो. शिवाय अल्को या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातल्या या बोगीत मधला आस बरोबर मध्ये नसतो, एका बाजूला सरकलेला असतो. कुठलीही तीन आसांची बोगी घातली तर जाणकाराची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. आपल्या ब्रॉडगेजचे १६७६ मिमी एचओत १९.३ होतात, तेव्हा १६.५ च्या रुळावर चाकं थोडी आत दिसणारच. तेवढं मी सोडून देतो.

रुळावर ठेवताच कंट्रोलर (रुळांना वीज देणारा डबा) बंद पडला तर चाकं तपासा. दोन रुळांच्या पद्धतीत दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने तोडलेली लागतात. मेर्कलिन या जर्मन कंपनीच्या तीन-वाहक पद्धतीची चाकं तशी नसतात. ती घातली की थेट शॉर्ट.

डिकोडर (डिजिटल आज्ञा वाचून मोटर चालवणारी चिप) बसवण्याआधी मल्टिमीटर घ्याच. जुन्या मोटरींचा एक ब्रश अनेकदा थेट चेसिसच्या धातूला टेकलेला असतो. साध्या डीसीवर त्याने काही बिघडत नाही, पण डिकोडर पहिल्याच झटक्यात जातो. मोटरची दोन्ही टोकं चाकांपासून आणि चेसिसपासून पूर्ण सुटी हवीत. डिकोडरची लाल-काळी तार रुळाची, नारिंगी-करडी मोटरची. माझा एक डिकोडर असाच गेला, आणि तो करपट वास संध्याकाळपर्यंत खोलीत होता.

चालताना ठराविक लयीत टक्-टक् येत असेल तर आसावरचं प्लास्टिकचं गियर तडकलेलं असतं. चिकटवू नका, बदला. नुसती घरघर येत असेल तर वर्म गियरवर फार घट्ट बसलाय. मध्ये पातळ कागद धरून मोटरचे स्क्रू आवळा, मग कागद काढून घ्या.

खिडक्यांच्या काचा सुपरग्लूने लावू नका, त्याच्या वाफेने त्या पांढुरक्या होतात. प्लास्टिकच्या बॉडीला थिनर लावायचा असेल तर आधी आतल्या बाजूला थेंबभर लावून बघा.

आणि हे सगळं बॉडी न चढवता, घरातल्या सगळ्यात अरुंद वळणावर चालवून बघा. मग बॉडी चढवून पुन्हा तिथेच. सहा चाकांची बोगी वळताना पायऱ्यांना किंवा इंधनटाकीला घासते, आणि इंजिन नेमकं वळणावरच उतरतं. मला पायरीचा कोपरा दीड मिलिमीटर तासावा लागला. नुकत्याच रंगवलेल्या बॉडीवर कानस चालवताना काय वाटतं ते विचारू नका.