जॅकेटच्या बाहीचं जास्तीचं कापड कापू नका

सरळ शिलाई, टक्स, गळपट्टी, चेन हे सगळं हाताखालून गेलं की अस्तराचं जॅकेट खुणावायला लागतं. तुम्ही त्याच टप्प्यावर आहात असं धरून लिहिते. सुईचे नंबर, कापड आधी धुऊन आकसवणं यावर वेळ घालवत नाही. कॉलर किचकट असते, पण क्रमाने गेलं की बसते. अस्तर वाटतं तेवढं अवघड नाही. धीर सुटतो तो बाहीपाशी. माझाही तिथेच सुटला होता.

बाहीचा वरचा गोल आणि अंगाचा मुंढा, म्हणजे जिथे बाही जोडायची तो गोल काठ, दोन्ही शिलाईच्या रेषेवर मोजा. कापडाच्या काठावर नाही, काठावरचे आकडे फसवतात. बाही मुंढ्यापेक्षा मोठी भरेल. जॅकेटच्या पॅटर्नमध्ये हा फरक साधारण 2.5 ते 4 सेंमी असतो. पहिल्यांदा तो दिसला की मन लगेच निकाल देतं, कटिंग चुकलं, आणि हात कात्रीकडे जातो. कात्री खाली ठेवा. खांदा गोल आहे, दंड गोल आहे आणि कापड सपाट आहे. त्या गोलाईवरून कापड फिरायचं तर ते जास्तीचं लागतंच. कापून टाकलंत तर बाही दंडावर ताणेल, हात पुढे केला की पाठ ओढली जाईल, आणि तेव्हा उसवूनही उपयोग नसतो. कापलेलं परत येत नाही.

मात्र फरक 6-7 सेंमी निघाला तर खरंच काहीतरी चुकलंय. पॅटर्न पुन्हा ताडून बघा. देवावर भरवसा ठेवून टेप गुंडाळून ठेवायची नसते, हे मी श्रद्धाळू असूनच सांगते.

आता ते जिरवायचं कसं. बाहीवर पुढच्या बाजूला बहुधा एक खूण असते, मागच्या बाजूला दोन. हे जास्तीचं कापड, म्हणजे मोकळीक, जिरवायची ती या खुणांच्या मधे, वरच्या भागात. काखेच्या बाजूला अजिबात नाही. तिथे नेलेला फुगा हात खाली असताना सतत टोचतो. मशीनचा टाका 4 मिमीवर न्या, दाबाच्या भागात, म्हणजे शिलाईच्या रेषेबाहेरच्या काठात, शेजारी शेजारी दोन ओळी मारा, टोकं मोकळी सोडा. मग बॉबिनचे दोन्ही दोरे एकदम, हळूहळू ओढा. ओढताना बोटांनी कापड सरकवत राहा. गोल वर उचलला जातो, वाटीसारखा खोल होतो. शिलाईच्या रेषेवर मात्र एकही चुणी दिसायला नको. दिसली तर तिथलं कापड बोटाने शेजारी ढकला. मग बाहीचा गोल इस्त्रीच्या उशीवर ठेवून फक्त दाबाच्या भागाला वाफ द्या. लोकरीचं कापड वाफेने आकसून तो आकार धरतं. घट्ट विणीचं पॉलिस्टर धरत नाही, म्हणून पहिलं जॅकेट त्याचं शिवूच नका.

यानंतर बाही मुंढ्याला हाताने कच्च्या टाक्याने जोडा, म्हणजे नंतर काढता येईल अशा तात्पुरत्या शिलाईने. टाळू नका. घाईचे व्हिडिओ नुसत्या टाचण्या लावून बाही बसवून दाखवतात. शिकवणारे बरेचसे तो मधला अर्धा तास कापून टाकतात आणि नवशिक्याला वाटतं आपल्याच हाताला गुण नाही. माझं तर स्पष्ट मत आहे: तुमच्या हातातून कापड घेऊन स्वतः शिवून देणारी बाई कितीही प्रेमळ असली तरी ती गुरू नाही. मला शिकवणाऱ्या बाई शेजारी बसायच्या, हात मांडीवर ठेवून. मी चुणीवर रडकुंडीला यायचे तेव्हा एवढंच म्हणायच्या, "जागा आहे तिथे. सरकव."

त्या काळात घरी मोठं आजारपण होतं. दिवसभर शुश्रूषा, रात्री मशीन. देवाला रोज विचारायचे, माझ्या वाट्याला हे जास्तीचं कशाला? आजारपण देवाने मुद्दाम दिलं असं मी आजही म्हणणार नाही, आणि कुणी दुःखात असताना त्याला तसं ऐकवूही नये. पण मी हिशेब चुकीच्या ठिकाणी मांडत होते. माझी ताकद केवढी ते मी सपाट मोजलं होतं. प्रार्थनेतलं माझं मागणं तेव्हापासून बदललं. "हे काढून घे" असं म्हणायचे, त्याऐवजी "याला जागा कुठे आहे ते दाखव" म्हणू लागले. रोज उत्तर मिळालं नाही. पण हात चालू राहिला.

तुमची बाही पहिल्या खेपेला जमली नाही तर घाबरू नका. कच्चा टाका म्हणूनच असतो. अंगात घालून आरशासमोर उभ्या राहा, हात खाली सोडा, मग पुढे करा. बाही पुढे-मागे झुकत असेल तर टाका काढून तिचा माथा अर्धा सेंमी फिरवा आणि पुन्हा बघा. पटली की बाहीची बाजू वर ठेवून 2.5 मिमीच्या टाक्याने मशीन मारा. दाब बाहीकडे वळवा आणि बाहीच्या माथ्यावर सपाट इस्त्री कधीच फिरवू नका, सगळी मेहनत दबून जाते. दुसरी बाही त्याच रात्री लावायला घेऊ नका. थकलेल्या हाताने ती पहिलीशी जुळत नाही.