पैसे गेल्यानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत होणाऱ्या चुका

ओटीपी कोणालाही सांगू नये, हे आता जिथे तिथे ऐकू येते. फसवणुकीत पैसे खात्यातून गेल्यानंतर काय करू नये, याविषयी मात्र फारसे कोणी सांगत नाही. गेलेली रक्कम परत मिळणे पुष्कळदा त्या नंतरच्या वागण्यावरच अवलंबून असते.

पहिली चूक घाईची असते. पैसे कापल्याचा मेसेज दिसताच माणूस गूगलवर बँकेचा कस्टमर केअर क्रमांक शोधतो आणि तिथे पेरून ठेवलेल्या खोट्या क्रमांकावर दुसऱ्यांदा फसतो. खरा क्रमांक कार्डाच्या मागे छापलेला असतो; पण पाकीटच चोरीला गेले तर तोही त्याबरोबर जातो. म्हणून तो आजच डायरीत उतरवून ठेवावा. फोनवरच्या भामट्याने स्क्रीन दाखवणारे एखादे ॲप टाकायला लावले असेल, तर सर्वांत आधी मोबाईलचे इंटरनेट बंद करावे आणि कार्ड दुसऱ्याच्या फोनवरून ब्लॉक करावे.

कार्ड ब्लॉक केले म्हणजे काम झाले, असे समजणे ही त्याहून महागात पडणारी चूक आहे. ब्लॉक केल्याने पुढचे पैसे वाचतात. गेलेल्या पैशांचा माग काढण्यासाठी १९३० या हेल्पलाइनवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी लागते. ही तक्रार पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेपर्यंत पोहोचते आणि रक्कम तिथे शिल्लक असेल तर ती गोठवता येते. भामटे ती तासाभरात चार खात्यांत फिरवून एटीएममधून काढतात. त्यामुळे ‘सकाळी शाखेत जाऊन बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती सहसा रिकामे खाते लागते. फोन करताना मेसेजमधला व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर असावी. मनस्तापाने तो मेसेजच पुसून टाकणारी माणसे मी पाहिली आहेत.

बँकेला कळवण्याच्या मुदतीचा हिशेबही अनेकांचा चुकतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने जी चौकट घालून दिली, तीनुसार दोष बँकेचाही नसेल आणि ग्राहकाचाही नसेल, तर मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कसलाच भार येत नाही. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसात कळवल्यास नेहमीच्या बचत खात्याच्या ग्राहकाला व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे सोसावे लागते, आणि त्यानंतर सगळे त्या बँकेच्या धोरणावर जाते. मेसेज आला तो दिवस यात धरत नाहीत. दुसऱ्या शनिवारच्या आदल्या रात्री पैसे गेले आणि मध्ये सण नसला, तर मुदत बुधवारी संपते. सहकारी बँकांनाही त्याच वर्षी असेच नियम लागू झाले, हे गावाकडच्या खातेदारांना सहसा कोणी सांगत नाही.

आमच्या शेजारच्या काकांच्या कार्डावरून रात्री दोन वाजता परदेशी संकेतस्थळावर खरेदी झाली, तेव्हा त्यांना ना कोणाचा फोन आला होता, ना ओटीपी. शाखेतल्या कर्मचाऱ्याने सौजन्याने त्यांचा अर्ज लिहून दिला आणि त्यात ‘माझ्याकडून अनवधानाने माहिती दिली गेली असावी’ असे एक वाक्य घातले. काका सही करून घरी आले. ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले असतील तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच असते. पण ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी त्या परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, आणि काकांनी ती स्वतःच्या सहीने उचलली होती. दुसऱ्या दिवशी नवा अर्ज दिला, त्यात घडले तेवढेच लिहिले आणि प्रतीवर तारखेसह पोचेचा शिक्का मागून घेतला. दहा कामकाजी दिवसांच्या आत रक्कम तात्पुरती जमा झाली. ९० दिवसांत प्रकरण निकाली काढणे बँकेवर बंधनकारक असते. ओटीपी खरोखर दिला असेल तर मात्र तो लपवू नये, कारण त्याची नोंद बँकेकडे असते.

ओळखच चोरीला जाते, म्हणजे आपल्या नावाने दुसराच कोणी कर्ज काढतो, तेव्हा मेसेजही येत नाही. येतो तो न घेतलेल्या कर्जाच्या वसुलीचा फोन. कटकट मिटावी म्हणून एखादा हप्ता भरून टाकणे ही इथली सर्वांत वाईट चूक, कारण त्यामुळे ते कर्ज आपलेच असल्याचे मान्य केल्यासारखे होते. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढून अनोळखी कर्जावर हरकत नोंदवावी, कर्ज देणाऱ्या संस्थेला लेखी कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी. ओळखचोरी हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ सी खाली गुन्हा आहे. ३० दिवसांत हरकत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

मोबाईलची रेंज अचानक गेली आणि शेजाऱ्याची शाबूत असली, तर टॉवरला दोष देत बसू नये. कोणीतरी आपल्या नावाने दुसरे सिम काढले असण्याची शक्यता असते, आणि मग ओटीपी त्याच्याकडे जातात. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत, हे संचार साथी पोर्टलवर दिसते. आपल्या बोटांचे ठसे कोणी वापरू नयेत म्हणून आधारचे बायोमेट्रिकही लॉक करून ठेवता येते.

बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथे पहिल्यांदा विचारतात ती बँकेला दिलेल्या तक्रारीची तारीख आणि प्रत.