जिममधून इपामोरेलिनची वायल घरी आली तर टोचण्याआधी काय बघायचं

परवा मावसभावाने रुमालात गुंडाळलेली छोटीशी वायल (इंजेक्शनच्या औषधाची बाटली) माझ्यापुढे ठेवली, म्हणाला दादा जरा बघ ना, ट्रेनर म्हणतो हे ग्रोथ हार्मोन नाहीचे, नुसतं शरीराला आठवण करून देतं. तसं ते अगदीच खोटं नाही. इपामोरेलिन हे पाच अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत घ्रेलिन या भुकेच्या हार्मोनच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि तिथून ग्रोथ हार्मोन सुटतं. पण म्हणून ते सेफ कसं झालं?

आधी लेबल वाचा, मोबाइलवर झूम करून. याच्यावर बारीक अक्षरात फॉर रिसर्च यूज ओन्ली, माणसासाठी नाही, आणि लायसन्स नंबर, एमआरपी काहीच नाही. मेडिकलमधली साधी खोकल्याची बाटली बघा, तिच्यावरसुद्धा हे सगळं छापलेलं असतं.

मग ट्रेनर ९९ टक्के प्युरिटीचा रिपोर्ट दाखवेल. तो एचपीएलसीचा, म्हणजे मूळ रसायन किती टक्के शुद्ध आहे एवढंच मोजणाऱ्या चाचणीचा असतो. त्यात निर्जंतुकतेचं आणि एंडोटॉक्सिनचं (जिवाणूंपासून येणाऱ्या विषाचं) काय ते शोधा, बहुतेक वेळा ती ओळच नसते, आणि इंजेक्शनच्या बाबतीत नेमकं तेच महत्त्वाचं.

साइड इफेक्ट नाहीत म्हणाला तर विचारा, किती दिवस घेतल्यावर? १९९८ च्या ज्या पेपरवरून कॉर्टिसोल (ताणाचं हार्मोन) वाढत नाही असं सगळे सांगत फिरतात तो उंदीर आणि डुकरांवरचा आहे. माणसांत आतड्याच्या ऑपरेशननंतर पोट लवकर सुरू व्हावं म्हणून ट्रायल झाली, हॉस्पिटलमध्ये, शिरेतून, जास्तीत जास्त सात दिवस, आणि फारसा उपयोग दिसला नाही म्हणून ते औषध पुढे गेलंच नाही. भावाला सांगितलेला कोर्स तीन महिन्यांचा! ग्रोथ हार्मोन वाढलं की अंगात पाणी धरणं, सांधे दुखणं, बोटांना मुंग्या, शुगर वर जाणं हे होऊ शकतं, त्यामुळे डायबेटिस असेल किंवा कधी कॅन्सर झाला असेल तर हात लावू नका.

एफडीए (अमेरिकेची औषधांना मंजुरी देणारी संस्था) अप्रूव्हड आहे म्हणाला तर रेणूचं नाव विचारा. २०१० साली अमेरिकेत मंजूर झालं ते टेसामोरेलिन, तेही एचआयव्हीच्या पेशंटची पोटावरची चरबी कमी करायला. इपामोरेलिनला उपचारासाठी तिकडेही मंजुरी नाही आणि आपल्याकडे सीडीएससीओचीही (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेची) नाही, म्हणजे रिसर्चचा शिक्का मारून माणसाला टोचायला विकणं कायद्यात बसत नाही.

स्पर्धा खेळत असाल तर विषयच संपला. वाडाच्या (जागतिक उत्तेजक-विरोधी संस्थेच्या) यादीत हे वर्षभर बंद आहे, स्पर्धा असो नसो. लघवीत सापडतं, आणि नाडासमोर (भारतातल्या तशाच संस्थेसमोर) मला ट्रेनरने दिलं हे सांगून सुटका होत नाही.

आधीच टोचून झालं असेल तर घाबरून वायल फेकू नका, लेबलचा फोटो काढा, ती घेऊनच फिजिशियन किंवा एंडोक्रिनोलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरकडे) जा आणि खरं सांगा (ओरडतील, ओरडू देत). फास्टिंग शुगर, आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनचा अंदाज देणारी रक्ततपासणी) वगैरे काय करायचं ते ते ठरवतील. टोचलेली जागा लाल, गरम झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी. त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर औषधाचा दुष्परिणाम नोंदवता येतो, फोन फुकट आहे.

भावाची वायल अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, ट्रेनर पैसे परत द्यायला तयार नाही.