मुलं शेतावर येण्याआधी: एका गुंठ्याची तयारी

राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं विशेष शिबिर अनेक महाविद्यालयं डिसेंबर-जानेवारीत घेतात. यंदाचं शिबिर गावातल्या एखाद्या लहान शेताला जोडायचं मनात असेल, तर तयारीला किमान दीड महिना आधी लागा. मेथी पेरल्यापासून 25-30 दिवसांत काढायला येते. म्हणजे मुलं यायच्या महिनाभर आधी बी मातीत गेलेलं हवं. त्या सात दिवसांत मुलांना काहीतरी काढायला मिळालं पाहिजे आणि काहीतरी पेरायलाही मिळालं पाहिजे. नुसतं खणायला लावलं तर मुलं दमून घरी जातात, एवढंच.

शेत मोठं शोधू नका. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातल्या 100 पैकी 86 वहिवाटी, म्हणजे एकेका शेतकऱ्याकडची कसायची जमीन, 2 हेक्टरच्या आतल्या आहेत. आपल्या गावाचं खरं चित्र तिथेच दिसतं. शिवाय दोन एकरांच्या रानात विहीर, गोठा, उकिरडा, भाजी, सगळं एका हाकेच्या अंतरावर असतं. कोणती गोष्ट कुठून येते आणि कुठे जाते हे मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

पहिली भेट शेतकऱ्याची, आणि ती मुलांना न घेता. 'आम्हाला काय शिकवाल' असं विचारू नका. 'दादा, कोणतं काम पडून राहिलंय?' असं विचारा, आणि हाच प्रश्न घरातल्या काकूंनाही विचारा, कारण निम्मी कामं त्यांच्याच अंगावर असतात. फुटलेला बांध, गाळाने भरलेली चारी, कंपोस्टचा खड्डा, ठिबकच्या तुंबलेल्या नळ्या अशी कामं निघतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. ज्या कामावर गावातल्या बायकांना रोज मिळतो, ते काम मुलांकडून फुकट करून घेऊ नका. कांद्याची लागण उक्ती, म्हणजे अख्ख्या कामाची रक्कम ठरवून, दिली असेल तर ती त्यांचीच राहू द्या. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मुलांच्या घामालाही मोल होतं. आपल्या सेवेपायी दुसऱ्याचा रोज बुडता कामा नये.

याच भेटीत एका गुंठ्याचं बोलून घ्या. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. त्यातली भाजी शाळेच्या पोषण आहाराला आणि गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना जाईल, हे आधी ठरवा. मेथीचं पाव किलो ते 300 ग्रॅम बी पुरतं, ते महाविद्यालयाने आणावं. भाजी शेतकरी स्वखुशीने देणार की बाजारभावाने घ्यायची, हेही स्पष्ट बोला. त्याच्यावर दान लादू नका.

मग शाळेत जा. मुख्याध्यापकांची परवानगी हवीच, पण स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी बोलल्याशिवाय परत फिरू नका. मेथी निवडायला किती वेळ लागतो ते त्यांना ठाऊक असतं. शेवटच्या क्षणी चिखलाने माखलेल्या जुड्यांचा ढीग पुढे टाकला तर त्यांचा सगळा दिवस त्यातच जातो. भाजी निवडून, धुऊन पोचवायची, आणि निवडायला मुलांनीच बसायचं. मुलगेही बसतील.

अवजारं शेतकऱ्याच्या भरवशावर ठेवू नका. दोघांत एक खुरपं, चार-पाच फावडी, तेवढीच घमेली, थोडी गोणपाटं, जुड्या बांधायला केळीच्या सोपटाच्या पट्ट्या. अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, पायात बूट, डोक्याला टोपी. मुलींसाठी स्वच्छतागृहाची सोय आधी स्वतः जाऊन पाहा. ती नसेल तर दुसरं शेत बघा, इथे तडजोड नको. त्या आठवड्यात रानात फवारणी होणार नाही, हे शेतकऱ्याकडून नक्की करून घ्या. विहिरीला कठडा नसेल तर तिकडे दोरी बांधा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या दवाखान्यात आहे ते आधीच विचारून ठेवा, आणि 108 क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

काढणीच्या आदल्या संध्याकाळी वाफ्याला हलकं पाणी द्या. माती मऊ होते आणि रोप मुळासकट अलगद येतं. कोरड्यात ओढलं तर देठ तुटतो. सकाळी ऊन चढायच्या आत उपटायचं, मुळाची माती झटकायची, मुळं एका रेषेत जुळवून सोपटाने जुडी बांधायची आणि ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. पहिल्या दहा जुड्या वाकड्यातिकड्या होतात. काकूंना शेजारी बसवा, त्यांचे हात बघत मुलं पटकन शिकतात.

दुपारच्या कामाची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आशाताईंकडून, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांकडून, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरं समजून घ्या, आणि 'मुलं आली तर चालेल का' असं त्या घरी आधी विचारून ठेवा. दोघा-दोघांनी एका घरी जायचं, भाजी द्यायची आणि थोडं बसायचं. हातात जुडी असली की दार उघडतं आणि बोलणंही निघतं. कुणाचे श्रावणबाळ योजनेचे पैसे थांबलेले असतात, कारण हयातीचा दाखला दिलेला नसतो. कुणाच्या आधारवरचं नाव बँकेतल्या नावाशी जुळत नसतं. कुणाला चष्मा हवा असतो. सर्वेक्षणाचा छापील कागद घेऊन गेलेल्या मुलांना यातलं बरंचसं कळत नाही. पुढे काय करायचं तेही ठरवून ठेवा: अर्ज भरून द्यायचा, तलाठी कार्यालयात किंवा बँकेत सोबत जायचं. मूळ कागद स्वतःकडे ठेवायचे नाहीत आणि ओटीपी कधीही विचारायचा नाही. सेवा योजनेतल्या विद्यार्थ्याला दोन वर्षांत 240 तास पूर्ण करायचे असतात. त्यातले तास अशा एका अडलेल्या कामाच्या पाठपुराव्याला लागले, तर ते सत्कारणी लागले असंच मी म्हणेन. शिबिर संपल्यावरही 'आजींचं काम झालं का' असं आपणहून विचारणारी मुलं असतात. त्यांना जबाबदारी द्या, ती पुढच्यांना घेऊन येतात.

सहाव्या दिवशी रिकाम्या झालेल्या वाफ्यात कोथिंबीर पेरा. धणे हलके रगडून दोन फोडी करायच्या, रात्रभर भिजवायचे, मग पेरायचे. उगवायला 8-12 दिवस लागतात, तोवर ओल टिकवावी लागते. पाणी कोण देणार, त्याच्या पाळ्या गावातल्या तरुण मंडळाबरोबर बसून लिहून घ्या. काढणी साधारण 40 दिवसांनी येईल. त्या तारखेला महाविद्यालयात परीक्षा आहे का आणि सकाळची एसटी किती वाजता आहे, हे शिबिर सुटण्याआधीच बघून ठेवा.