गोव्याच्या दमट हवेत डेंड्रोबियम: पाणी कमी, वारा जास्त

ऑर्किड विकत घेताना फुलाकडे शेवटी बघा. आधी कुंडी हातात घ्या आणि रोप बुंध्याशी धरून हलकंच हलवा. कुंडीसकट हललं तर मुळांनी पकड घेतलेली आहे. कुंडी जागेवर आणि रोप मात्र डुलतंय असं झालं, तर खाली मुळं कुजलेली आहेत आणि वरची फुलं कांड्यांतल्या शिल्लक साठ्यावर उमललेली आहेत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी अशी रोपं हलवून बघते तेव्हा विकणारा वैतागतो. वैतागू दे, पैसे आपले जातात.

दुसरी गोष्ट, डेंड्रोबियम हा ऑर्किडचाच एक प्रकार, पण डेंड्रोबियम म्हटलं म्हणजे सगळी एकच नव्हेत. आपल्या हवेला सोसतं ते उष्ण प्रदेशातलं, नर्सरीवाले ज्याला डेन-फॅल म्हणतात ते. उभ्या, पेरांच्या कांड्या आणि कांडीच्या शेंड्याजवळून निघणारा लांब फुलदांडा ही त्याची खूण. जांभळं-पांढरं ‘सोनिया’ याच घराण्यातलं, आणि पहिलंच ऑर्किड असेल तर तेच घ्या. इतकं सोशिक दुसरं नाही. कधीकधी ‘नोबिल’ जातीची रोपंही विकायला येतात. त्यांची फुलं दांड्यावर न येता कांडीच्या पेरापेराला लागतात. दिसतात मोठी गोड, पण त्यांना फुलायला हिवाळ्यात थंड, कोरडे आठवडे लागतात. पणजी-मडगावचा डिसेंबर त्यांच्या हिशेबी थंडीच नव्हे. मग फुलाच्या जागी नुसती पिल्लं, म्हणजे कांडीवरच फुटणारी छोटी रोपं, येत राहतात.

रोप अगदी चिमुकलं, टिश्यू कल्चरचं असेल तर फुलासाठी दोन-तीन वर्षं धीर धरायची तयारी हवी. नसेल तर कळ्या धरलेलं, निदान तीन भरदार कांड्यांचं रोप घ्या.

घरी आणल्यावर मुळं नीट न्याहाळा, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. जंगलात हे झाड दुसऱ्या झाडाच्या सालीवर राहतं. मातीशी त्याचा संबंध नाही. मुळावर जाड, रुपेरी-पांढरं आवरण असतं. त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि बघत राहा: क्षणात रुपेरी रंग जाऊन मूळ हिरवं दिसायला लागतं. आवरण पाणी पितं तसं आतलं हरितद्रव्य दिसू लागतं. वाळलं की पुन्हा रुपेरी. पाणी कधी द्यायचं याचं उत्तर यातच आहे. मूळ हिरवं असताना पाणी नको. रुपेरी झालं की द्या. तपकिरी आणि दाबल्यावर बुळबुळीत लागलं तर ते मेलं, कापून टाका.

गोव्यात उष्णता आणि दमटपणा फुकट मिळतो. आपल्याला पुरवायचा असतो तो वारा आणि उजेड. इथे ऑर्किड तहानेने मरत नाही, लाडाने मरतं.

कुंडीत भरायचं काय? मातीचा कण नको, शेणखत नको, कोकोपीट तर अजिबात नको. मी लाकडी कोळशाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे आणि फुटक्या मंगळुरी कौलांचे तेवढेच तुकडे घेते, आणि वर थोडी सोडणं, म्हणजे नारळावरची काथ्याची सालं. आमच्याकडे सोडणांना तोटा नाही, त्यामुळे लोक अख्खी कुंडी सोडणांनीच भरतात. एप्रिल-मेमध्ये ते झकास चालतं. जुलैत मात्र तेच सोडण दिवसचे दिवस ओलंगच्च राहतं आणि मुळं आतल्या आत गुदमरतात. म्हणून सोडणं चवीपुरती. ताजी असतील तर आठवडाभर भिजत घाला आणि रोज पाणी बदला, तो तपकिरी कस निघून जायला हवा. माडाखाली एक पावसाळा खाल्लेली जुनी सोडणं मिळाली तर त्याहून चांगलं. कोळसा साधा, लाकडाचा. पटकन पेटावा म्हणून रसायन लावलेला नको.

कुंडी लहान घ्या, दहा-बारा सेंटिमीटरची, बाजूला भोकं असलेली. मोठ्या कुंडीत रोप ‘मोकळं’ वाढेल हा समज ऑर्किडच्या बाबतीत उलटा पडतो. मोठी कुंडी म्हणजे जास्त ओल. लावताना कांडीचा बुंधा कोळशाच्या वरच राहू द्या. तो पुरला की कोंब कुजतो. नवं रोप आपल्या पायावर उभं राहत नाही, तेव्हा एक काठी रोवून कांड्या सैलसर बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळं टोकाशी घासून मरतात.

आता जागा. जुन्या घरांच्या बल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बसायच्या ओसरीत, कुंडी टांगली की शोभा येते खरी, पण फुलं येत नाहीत. तिथे सावली फार. ‘पानं छान आहेत पण फुलत नाही’ ही तक्रार घेऊन कुणी आलं की मी आधी पानांचा रंग विचारते. गडद, काळपट हिरवी पानं म्हणजे उजेड कमी. कोवळ्या गवताच्या रंगाची, किंचित पिवळसर झाक असलेली पानं म्हणजे जागा बरोबर. पूर्वेचं सकाळचं ऊन थेट मिळालं तरी चालतं. पश्चिमेचं ऊन मार्चपासून पान भाजतं. तिथे पन्नास टक्क्यांची शेडनेट बांधाच. गच्चीवर ठेवत असाल तर कुंड्या स्लॅबवर टेकवू नका. स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत तापलेला राहतो. टांगा, किंवा जाळीच्या बाकावर ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल.

पाण्याचं वेळापत्रक सांगा म्हणून लोक मागे लागतात. ढोबळ सांगायचं तर मार्च ते मे रोज सकाळी भरपूर, कुंडीतून धो-धो वाहून जाईल इतकं. पाऊस सरल्यावर हिवाळाभर दोन-तीन दिवसांआड. पण शेवटचा शब्द मुळांचा. रात्री पानांच्या बेचक्यात पाणी साचलेलं नको, म्हणून संध्याकाळी फवारा मारण्याचा मोह टाळा. किनाऱ्याजवळच्या एखाद्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल तर ते ऑर्किडला घालू नका, पानांची टोकं जळतात.

खरी परीक्षा पावसाळा. आपल्याकडे वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. कुंडीतली रोपं मिरगाच्या आधी छपराखाली घ्या, पण कोंदट कोपऱ्यात नव्हे. पारदर्शक पत्रा आणि चारी बाजू उघड्या, ही उत्तम सोय. आत घेतली म्हणून पाणी पूर्ण तोडायचं नाही. संततधारेच्या आठवड्यात मुळं रुपेरी होतच नाहीत, तेव्हा नको, उघडीप पडली की तपासून द्या. पानावर पाणी भरल्यासारखा, कडेने पिवळा डाग दिसला की ज्योतीवर तापवलेल्या ब्लेडने निरोगी भागापर्यंत कापा आणि कापावर दालचिनीची पूड दाबा. पूड मुळांवर पडू देऊ नका, ती मुळं सुकवते. रोग पसरत असेल तर ‘साफ’ नावाचं बुरशीनाशक, लिटरला दोन ग्रॅम, हातमोजे घालून.

गोगलगायींचं काय सांगू! रात्रीत मुळांची हिरवी टोकं कुरतडून जातात. रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं हाच खरा उपाय. बशीत बिअर ठेवली तर त्या येऊन बुडतात. उर्राकने, म्हणजे काजूच्या दारूनेही जमेल की नाही, असं आमच्या शेजारच्या दादांनी विचारलं होतं, पण इतका उदार माणूस अजून भेटलेला नाही.

खत थोडं, पण नेमाने. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं) विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, नवी कांडी वाढत असेतोवर. आधी साधं पाणी, मग खत. कोरड्या मुळांवर खत पडलं तर ती भाजतात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा, कारण कोळशात क्षार साठतात. शेंगदाणा पेंडेच्या पाण्याचे गोडवे पुष्कळजण गातात. मला तो वास आणि नंतरची चिलटं सोसत नाहीत.

फुलं झडल्यावर पानगळ झालेली बोडकी कांडी दिसते आणि घरातला कुणीतरी टापटिपीचा माणूस कात्री घेऊन येतो. त्याला अडवा. हिरवी असेपर्यंत ती कांडी म्हणजे रोपाचं पाणी आणि अन्नाचं कोठार आहे, आणि तिच्यावर पुन्हाही दांडा येऊ शकतो. फक्त सुकलेला फुलदांडा काढा. कांडीच्या वरच्या पेराला पिल्लू फुटलं असेल, तर त्याची मुळं चार-पाच सेंटिमीटर झाल्यावर वेगळं करून लावा. कुंडी बदलायची वेळ नव्या कोंबाला मुळांचे ठिपके दिसतात तेव्हाची, फुलात असताना नाही. विभागताना प्रत्येक भागाला तीन कांड्या हव्यात.

परसात आंबा किंवा माड असेल तर कुंडीच्या भानगडीत न पडता रोप खोडावरच बांधा. मेच्या अखेरीस, सुंभाने किंवा जुन्या सुती साडीच्या पट्टीने, घट्ट. पाऊस पाणी घालतो, खोडावरून ते लगेच निथळतं, वारा मिळतो; चतुर्थीपर्यंत मुळं सालीला चिकटलेली असतात. उन्हाळ्यात मात्र रोज नळी लावावी लागते.

यावरून आठवलं. मोलेच्या जंगलात आपली स्वतःची डेंड्रोबियमं आहेत, ओवॅटम आणि बार्बाट्युलम. पावसानंतर पानं गाळून बोडक्या कांड्यांवर फुलणारी. पडलेल्या फांदीवर मिळालं म्हणून कुणी घरी आणतं. आणू नका. अभयारण्यातून झाड उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि खाली किनाऱ्याच्या पट्टीत ते रोप बहुधा झुरतच राहतं.

फुलं देवाला किंवा फुलदाणीत हवी असतील तर शेंड्याच्या दोन-तीन कळ्या उरल्या असताना दांडा तिरका कापा आणि दर दोन दिवसांनी पाणी बदलताना टोक थोडं पुन्हा कापा. दोन आठवडे सहज टिकतात. रोपावरच ठेवली तर त्याहून पुष्कळ जास्त, म्हणून मी सहसा कापत नाही.