जुन्या सेस्नाचा योक बदलताना

मे महिन्यात योक, म्हणजे वैमानिकाच्या हातातलं स्टिअरिंग, बदलायचं काम काढलंच तर सकाळी सातला सुरू करा. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच्या हँगरात (विमानांच्या शेडमध्ये) अकरानंतर पॅनलखाली डोकं घालून बघा, मग कळेल का ते.

सेस्ना 152 या दोन आसनी विमानाचं उत्पादन 1985 मध्ये थांबलं. त्यामुळे योक बहुतेक वेळा मोडीत काढलेल्या विमानाचाच मिळतो. दिसायला हुबेहूब आहे म्हणून घेऊ नका. पार्ट्स कॅटलॉगमधला नंबर आणि सोबतचा रिलीज सर्टिफिकेटचा (भाग वापरायला योग्य असल्याचा) कागद जुळला पाहिजे. हबजवळ, म्हणजे योकच्या मधल्या भागाजवळ, बारीक तडा किंवा लंबगोल झालेलं भोक दिसलं तर सरळ परत पाठवा.

आधी बॅटरी सोडा, फोटो काढा, लॉक पिन काढा. दोन्ही योक पॅनलमागून एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून उजवा कुणाला तरी सरळ धरून ठेवायला सांगा. बोलण्याच्या बटणाची वायर शाफ्टमधून जात असेल, तर जुनी ओढण्याआधी तिच्या टोकाला दोरा बांधा. नाडी ओवतात तशी नवी आत जाते. आत तिला ढील ठेवा. योक पूर्ण ओढल्यावर वायर ताणली, तर ती आज ना उद्या तुटणारच.

नट-बोल्टात काटकसर नको. बोटांनी फिरणारा सेल्फ-लॉकिंग नट फेकून द्या, कॉटर पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुपाखी पिन) दर वेळी नवी घाला. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलमधला, हाताच्या अंदाजाचा नाही. पिनचं कापलेलं टोक मात्र सापडेपर्यंत उठायचं नाही. ते खाली पुलीपाशी जाऊन बसलं तर कंट्रोल अडकू शकतो.

आता खरी परीक्षा. दोन्ही अंगठे वर करून योक धरा आणि डावीकडे वळवा. अंगठे ज्या बाजूला झुकले, त्याच बाजूचा एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलणारी पट्टी) वर गेला पाहिजे. योक ओढला की एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलणारी पट्टी) वर. एलेरॉन समपातळीत आणि योक तिरका दिसला, तर केबल आवळून सरळ करू नका, जोडणी पुन्हा तपासा. तसंही विमानाचा सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि केबल स्टीलची; ॲल्युमिनियम स्टीलपेक्षा जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून आपल्या पंचेचाळीस अंशांत केबलचा ताण वाढतो. तो तपासायचा तर टेन्सिओमीटर (ताण मोजायचं यंत्र) आणि तापमानाचा चार्ट दोन्ही हवेत.

कामावर सही परवानाधारक एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची). दुसरी तपासणी वेगळ्या माणसानं करायची, तीही ज्यानं पाना हातात धरलेला नाही अशानं. चहा पाजून सही घेणारे मला अजिबात आवडत नाहीत. काढलेल्या योकला लगेच लाल टॅग बांधा, नाहीतर तोच पुढच्या वर्षी कुणीतरी कपाटातून काढून दुसऱ्या विमानाला लावतो.